प्रश्नाआधीचं उत्तर

आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात. पण या हॉस्पिटलच्या तळघरातला तो राउटर मी लावलाय, आणि इतक्या वर्षांत चुकीच्या माणसाला त्याने एकदाही आत घेतलेलं नाही. कुणी खोट काढून दाखवावी. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

टेकडीवरचा दवाखाना तुझ्या आजोबांचा, म्हणजे माझ्या बापाचा. ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीत तुझी आई बसली. तुझ्या बाळंतपणातून उठली न उठली तोच कामाला लागली. चार पायऱ्या चढली की दम लागायचा, पायांवर सूज. तपासून घे म्हटलं की, "ताई, डॉक्टर तू आहेस की मी?" असं म्हणून उडवून लावायची. मला घोर लागला होता, पण सांगणार कुणाला? हट्टी बापाची हट्टी लेक.

तर तिच्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनवरून इथे यावा, हृदयाच्या डॉक्टरांनी इथूनच वाचावा, अशी सोय करायची होती. दुपारची वेळ. बाहेर मळभ, तळघरात पंख्यांची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. मी राउटरला मोडेम जोडला, दवाखान्याच्या नावाने खातं उघडलं, गुप्त शब्द घातला. फोन आला की राउटरने आधी ओळख पटवायची, मगच दार उघडायचं. दर वेळी तो नवा प्रश्न टाकतो. समोरच्याने गुप्त शब्द वापरून त्याचं उत्तर बांधायचं. शब्द स्वतः तारेवरून जातच नाही, त्यामुळे कुणी कान लावून बसलं तरी हाती काही लागत नाही. आहे की नाही चोख काम?

हृदयाचे डॉक्टर शेजारीच उभे होते, चाचणीची पट्टी बघायला. दुसऱ्या फोनवर मी तुझ्या आईला म्हटलं, "घे लिहून, गुप्त शब्द सांगते."

तेवढ्यात मोडेम वाजला.

आधी कर्कश शीळ, मग ती खरखर... आणि खोलीत कार्बोलिक साबणाचा वास. मी मागे वळून पाहिलं. दार लोटलेलंच होतं.

"अगं, मी शब्द सांगायच्या आधीच मोडेम कसा लावलास?" मी फोनमध्ये विचारलं.

"मी काहीच लावलं नाही, ताई... मोडेम बंद आहे. ईसीजीचं मशीन तर अजून खोक्यात आहे."

पडद्यावर ओळी सरकत होत्या. दवाखान्याचं नाव. त्याखाली उत्तर. आणि उत्तराच्या खाली माझ्या राउटरचा प्रश्न. मी डोळे चोळून पुन्हा वाचलं. प्रश्न निघायच्या आधी उत्तर आलं होतं, आणि ते बरोबर होतं.

असं उत्तर देणारा एकच माणूस मला ठाऊक होता. पेशंट उंबऱ्यात उभा राहून "डॉक्टर, माझं..." म्हणेपर्यंत तुझे आजोबा त्याच कार्बोलिक साबणाने हात धूत म्हणायचे, "पोट ना? बस." आणि पोटच निघायचं. पंचक्रोशीत त्यांच्या निदानाला तोड नव्हती.

प्रिंटरमधून पट्टी सरकत बाहेर आली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पेशंट कोण आहे? हिला आत्ताच्या आत्ता खाली आणा."

"इथे कुणी नाही," तुझी आई फोनवर हसत म्हणाली. "खाट रिकामी आहे. कसली चेष्टा लावलीय?"

मी पट्टीचा कोपरा वाचला. स्त्री, वय एकतीस. तुझ्या आईचं वय तेव्हा एकतीसच होतं.

गाडी मीच पाठवली. ओढून आणली म्हण ना. हृदय सुजलं होतं तिचं. रात्र निघाली नसती, असं डॉक्टर म्हणाले. आज साठीला आलीय आणि अजून टेकडी चढते. मी त्या बापाची लेक आहे, याचा मला तेव्हाही अभिमान वाटला आणि आजही वाटतो. भीती? वाटली ना. अजूनही त्या खोलीत मी दाराकडे पाठ करून बसत नाही.

तो राउटर मी कुणाला काढू दिला नाही. टेलिफोनची लाइन मात्र कधीच कापलीय. तार भिंतीतूनच उपटून नेली टेलिफोनवाल्यांनी.

आज सकाळी मोडेम वाजला.

पट्टी मी नव्या डॉक्टरांना दाखवली. ते खाट तयार करून बसलेत. तुला गप्पा मारायला नाही बोलावलं, पोरी. स्त्री, वय अठ्ठावीस, असं छापलंय... हसू नकोस. तुझी आईही हसली होती.

माझ्या बापाचं निदान आजवर चुकलेलं नाही. आणि या पट्टीवर जी वेळ छापलीय ना, ती अजून यायचीय... थोडीच राहिलीय. चल, चपला घाल.