साठ टक्क्यांचा अलर्ट

पहिल्यांदा तो वर आला, ते तिचा फोन लागत नव्हता म्हणून. खालच्या मजल्यावर दिवसभर स्क्रीनवर नजर ठेवून बसायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला 'पहारेकरी' म्हणत. दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, "तुमच्या सर्व्हरची डिस्क भरत आलीये... सांगायला आलो."

दवाखान्यांचे मेसेज तिच्या सर्व्हरमधून जात — कुणाची तपासणी कधी, कुणाचा रिपोर्ट आला. जुने वेळेवर पुसले नाहीत की डिस्क भरून सगळं ठप्प. तिने जागा मोकळी केली. तो हसून गेला, आणि तिचं कामातलं लक्ष जे उडालं ते उडालंच.

मग या बाईसाहेबांनी आगाऊपणा केला. डिस्क ऐंशी टक्के भरली की त्याच्या स्क्रीनवर वाजणारा अलर्ट गुपचूप साठवर आणला, मेमरीचाही तसाच. आता तो उठसूट वाजू लागला आणि पहारेकरी उठसूट वर येऊ लागला.

"फार नाजूक दिसतो तुमचा सर्व्हर."

"लाडावलाय," ती म्हणायची आणि उगाच केस कानामागे सारायची.

एका दुपारी अलर्ट वाजला. नेहमीचाच असणार, म्हणून तो आधी दोघांसाठी चहा घ्यायला रांगेत थांबला. या वेळी डिस्क खरंच भरली होती. मेसेज अडकले, दवाखान्यांत माणसं ताटकळली.

मीटिंगमध्ये साहेबांनी त्याला फैलावर घेतलं, उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याने आणलेले दोन कप तिच्या टेबलावर तसेच गार झाले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब... अलर्टची मर्यादा मी खाली आणली होती. रोज खोटा वाजायचा, म्हणून त्याला खरा कळला नाही."

"पण का?"

सगळे तिच्याकडे बघत होते. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

"तो... वर यावा म्हणून."

कुणीतरी हसू दाबलं. त्याची नोकरी वाचली, तिच्याकडून सर्व्हर काढून घेतला. तो मात्र तिच्याकडे न बघता निघून गेला.

पुढचे काही दिवस तिने मान वर केली नाही. अलर्ट पुन्हा ऐंशीवर गेला होता, एकदाही वाजला नाही. मग एका दुपारी दार वाजलं.

"आता तो सर्व्हर माझ्याकडे नाही," ती खाली बघतच म्हणाली.

"माहितीये." त्याने तिच्यापुढे एक कप सरकवला. "राग आहे अजून... पण चहा गरम आहे. घे."