शेषेरावांच्या पेटीतली सुई

"हलू नका कुणी. सावलीसुद्धा पडू देऊ नका," शेषेराव म्हणाले, आणि कवठवाडीची निम्मी माणसं श्वास धरून उभी राहिली.

शेषेरावांनी हातातली लाकडी पेटी पारासमोरच्या मोकळ्या जागेवर अलगद ठेवली. पेटीत काचेखाली एक निळसर सुई होती. सकाळपासून पेटी गावात दहा ठिकाणी ठेवून झाली होती, आणि दर वेळी सुई मुकाट उत्तरेकडे तोंड करून बसली होती. इथं मात्र ती थरथरली, फिरली आणि चक्क पूर्वेकडे वळून थांबली.

"इथं पाणी बोलतंय," शेषेराव म्हणाले.

ते निलंग्याकडचे पाणाडे. जमिनीतलं पाणी शोधून द्यायचं त्यांचं काम. एका नारळाशिवाय कुणाकडून काही घ्यायचे नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर लोकांचा फार विश्वास. सरपंच व्यंकटरावांनी लगेच तिथं चुन्याची फुली मारली. जागा त्यांच्या दारापासून वीस पावलांवर होती, म्हणून ते जरा जास्तच खूश होते.

त्र्याऐंशी सालचा मे महिना होता. लातूर जिल्हा वेगळा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. पावसानं पाठ फिरवलेली, गावची विहीर तळापर्यंत कोरडी. बोअर पाडणारी गाडी उद्या सकाळी लातूरहून येणार होती. गावाला एकच भोक मिळायचं. ते कोरडं गेलं तर गाडी सरळ पुढच्या गावाला. आठ दिवसांपूर्वी सरकारी साहेब येऊन, बौद्ध वस्तीजवळ ओढ्याच्या वळणावर बोअरची जागा म्हणून एक दगड रोवून गेले होते. पण आता त्या दगडाकडे कुणी बघायलाही तयार नव्हतं.

गर्दीत उभी असलेली पंचशीला टाचा उंचावून सुईकडे बघत होती. ती बारा वर्षांची, त्याच वस्तीतली. तिचे वडील साहेबराव विजेच्या लाइनवर वायरमन होते आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दोन मैलांवरच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायचं पंचशीलाकडे होतं. आजी गुणाबाईनं कालच सांगितलं होतं की, जूनपर्यंत गावात पाणी लागलं नाही तर पाणी आणण्यापायी तिची चाकूरची मोठी शाळा राहून जाईल. आजी रागावून बोलली नव्हती. शांतपणे बोलली होती, म्हणूनच ते खरं वाटत होतं.

"सुई पाण्याकडं का वळते?" तिनं शेजारच्या भुजंगला विचारलं.

भुजंग सरपंचांचा पुतण्या. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. "पाणी वढतं तिला. एवढं बी कळंना का?"

"मग भरलेली घागर वढंल का?"



उदगीरहून सुट्टीला शेजारी आलेली गुरम्मा मध्येच म्हणाली, "बघू की. घागर हाय, सुई आणू."

पंचशीलाच्या घरी मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक होतं. शिवायची सुई त्याच्यावर एकाच दिशेनं पन्नासदा घासली की सुईचंही चुंबक होतं, हे तिला शाळेत शिकवलं होतं. गुरुजींनी ती सुई वाटीतल्या पाण्यावर तरंगवून दाखवली होती. पण वाटीभर पाणी खेळायला घेतलं तर आजी काय म्हणेल, ते तिघांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी सुई मध्यावर दोरा बांधून एका काचेच्या बरणीत टांगली, म्हणजे वाराही लागायचा नाही. सुई डुलली आणि उत्तरेकडे तोंड करून थांबली.

पितळेची भरलेली घागर तिच्याजवळ आणली. सुई ढिम्म. भुजंग म्हणाला की घागरभर पाण्यानं काय होतंय. दुपारच्या खेपेला त्यांनी बरणी मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर ठेवली. खाली पुरुषभर पाणी होतं, आणि सुई तशीच उत्तरेकडे.

परत येताना भुजंगच्या घरात शिरले, तर पत्र्याच्या ट्रंकेजवळ सुई गर्रकन वळली.

"अय्यो, ट्रंकेत नीर हाय का?" गुरम्मानं विचारलं. तिच्या आजोळी, कानडी मुलखात, पाण्याला नीर म्हणायचे.

"न्हाई, काकूचं लुगडं हाय," भुजंग म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

ट्रंक लोखंडाची. लोखंड सुईला ओढतं, इथवर कळलं. पण पारासमोर तर नुसती माती होती. तिघं पंचशीलाच्या ओट्यावर येऊन बसले.

तिथं वडिलांनी आणलेली, टोकं सोडून वर लाखेचं आवरण असलेली बारीक तांब्याची तार पडली होती. तांबं सुईला ओढतं का, म्हणून पंचशीलानं तारेचं वेटोळं बरणीभोवती ठेवलं. काही झालं नाही. मग तिनं वेटोळ्याचं एक टोक बॅटरीच्या दोन सेलांना लावलं, दुसरं टोक छोट्या दिव्याला, आणि दिव्यापासून तार परत सेलांकडे आणली. वाट पूर्ण झाली. दिवा लागला, आणि सुई टणकन बाजूला वळली. तार सोडली, दिवा विझला, सुई परत उत्तरेकडे. पुन्हा जोडली, पुन्हा वळली.

आता तिघांच्याही डोक्यात पार गोंधळ झाला. तांबं तेच, जागा तीच. मग मघाशी सुई गप्प का होती? गुरम्मानं दिवा काढून तार थेट सेलांना लावून पाहिली, तर तार इतकी तापली की तिनं ती फेकूनच दिली.

तेवढ्यात साहेबराव जेवायला आले. त्यांनी आधी गुरम्माची बोटं पाहिली, मग सगळं ऐकून घेतलं. त्यांनी समजावलं की सेलातून निघालेली वीज पूर्ण वाट मिळाली तरच वाहते, आणि वाहायला लागली की तारेभोवती चुंबकासारखा जोर तयार होतो. दिवा त्या वाटेत अडसर असतो. तो काढला की वीज बेफाम धावते, तार तापते.

"म्हणजे पारापुढं जमिनीत विजेची तार हाय?" पंचशीलानं विचारलं.

"गावातली सगळी लाइन मीच वढली. जमिनीत एक तार न्हाई. अन् खांबाच्या तारंखाली तुझी सुई वळायची बी न्हाई. ती वीज सेकंदाला शंभरदा दिशा बदलती. सुईनं वळावं तरी कुणीकडं?" साहेबराव हसले, आणि लगेच गंभीर झाले. "सेलावर काय करायचं ते करा. भिंतीतल्या विजेला मातर बोट लावायचं न्हाई."

ते गेल्यावर पंचशीला बोटांवर मोजायला लागली. पाणी नाही. वीज नाही. मग उरलं काय? लोखंड किंवा चुंबक.

भर दुपारी गाव झोपलं होतं. तिघांनी एका जाड बोल्टवर तार दाट गुंडाळली, ती सेलांना जोडली आणि बोल्ट फुलीजवळच्या मातीतून फिरवला. तार तापायच्या आत सोडायची, थांबायचं, पुन्हा जोडायची. चौथ्या खेपेला बोल्टाला एक गंजका वाकडा खिळा चिकटून आला. तार सोडताच तो टपकन खाली पडला.

मग खुरपं चाललं. वीतभर खाली ढीगच लागला. शेकडो वाकडे खिळे आणि झिजून पातळ झालेले अर्धचंद्रासारखे पत्रे.

"हे बैलाचे नाल हायेत," भुजंग हळूच म्हणाला.

पारावर धोंडाबाई म्हातारी जागीच होती. तिनं सांगितलं की इथं पूर्वी मोठा लिंब होता. त्याच्याखाली मदारसाब नालबंद चाळीस वर्षं बैलांना नाल मारायचे. जुना खिळा उघड्यावर पडला तर जनावराच्या खुरात जायचा, म्हणून ते सगळं एकाच खड्ड्यात पुरायचे. बहात्तरच्या दुष्काळात लिंब तुटला, मदारसाबही गेले.

भुजंग काकांना सांगायला धावला आणि तसाच परत आला. काका कुशीवर वळून म्हणाले होते की पोरांनी पोरांसारखं राहावं.

"आता?" गुरम्मानं विचारलं.

"सगळं लोखंड काढायचं," पंचशीला म्हणाली. "अन् दुसरीकडं पुरायचं."

पोरं मातीत खेळतायत असं समजून कुणी लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत चार पोती भरली. शेवटचं पोतं भुजंगनं एकट्यानं वाहिलं.

सकाळी गाडी आली. गाडीवाल्यानं जागा विचारली, तर फुली गायब, माती विस्कटलेली. व्यंकटराव पोरांवर डाफरले आणि त्यांनी शेषेरावांना पुन्हा पेटी ठेवायला सांगितलं.

शेषेरावांनी पेटी ठेवली. सुई उत्तरेकडे. चार बोटं सरकवली. उत्तरेकडे. त्यांनी काच पुसली आणि पुन्हा वाकून पाहिलं.

"काल तर होतं. एका रातीत पाणी गेलं कुठं?" व्यंकटरावांनी विचारलं. गाडीवाला घड्याळ बघायला लागला.

पंचशीला शेषेरावांपुढे आली. "मामा, पेटी जुन्या विहिरीपाशी ठेवता का?"

"त्या कोरड्या हिरीपाशी? कशाला?"

"एकदा ठेवा."

सगळं गाव तिच्या मागून चाललं. विहिरीच्या काठाजवळ तिनं दाखवलेल्या जागी शेषेरावांनी पेटी टेकवली, आणि सुई थरथरून वळली. पश्चिमेकडे.

माणसं सुईकडे बघत होती, मग विहिरीत वाकून तळातल्या भेगा बघत होती. शेषेराव तर डोळे चोळत होते.

"इथं पाणी बोलतंय का, मामा?" पंचशीलानं विचारलं.

भुजंगनं फावडं मारलं आणि पोतं उघडं केलं. आपल्याच काकांसमोर उभं राहून त्यानं नाल, खिळे, बोल्ट, सगळं सांगितलं. तो मध्ये कुठं थांबला नाही.

"अरे, आपलेच बैल नेत होतो की मी त्या लिंबाखाली," व्यंकटराव पुटपुटले. "ध्यानात कसं आलं न्हाई?" मग त्यांनी जरा घुश्शातच विचारलं, "बरं, मग पाणी कुठं हाय?"

"ते आमाला ठावं न्हाई," पंचशीला म्हणाली. "सुईलाबी ठावं न्हाई. ते साहेब जमीन, ओढा, खडक बघून दगड रोवून गेलेत. त्यांचं तरी ऐका."

व्यंकटराव शेषेरावांकडे बघू लागले. शेषेरावांनी पेटीचं झाकण लावलं. "पोरगी खरं बोलायली. माझ्या सुईवर भोक पाडू नका," ते म्हणाले.

गाडी ओढ्याच्या वळणावर गेली. शंभर फूट धूळच उडाली. दीडशेला ओला गाळ आला. पंचशीलानं गुरम्माचा हात घट्ट धरून ठेवला होता. एकशे ऐंशीला जमीन घरघरली आणि पांढरट पाण्याचा फवारा माणसांच्या डोक्यावरून गेला. लहान-मोठे सगळे त्यात भिजले, व्यंकटरावांचा फेटासुद्धा.

ओल्या फेट्यानंच त्यांनी तिघा पोरांना शेजारी उभं केलं. आपण झोपेत पोरांचं ऐकलं नाही, ही आपली चूक, असं ते गावासमोर म्हणाले. शेषेरावांनी पंचशीलाच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते तिच्या ओट्यावर मांडी घालून बसले आणि ती तार सेलांना कशी जोडायची, हे त्यांनी तिच्याकडून तीनदा समजून घेतलं.

गुणाबाई आजी भिजलेल्या लुगड्याचा पदर पिळत दारात आली. तिनं शाबासकी दिली नाही की काही नाही. तारेच्या वेटोळ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "का गं, जूनमधी शाळंला जायची ती चाकूरची यष्टी सकाळी किती वाजता निघती?"