नावेच्या बुडावरचं केशरी दव

केतकी कळंबेने नाकातोंडावरचा श्वासमुखवटा घट्ट केला, त्याची रबरी नळी खांद्यावरून मागे टाकली आणि मगच कॅमेऱ्याचं झाकण काढलं. महाबळेश्वरच्या पठारावर, तळ्याकाठी, नुकतं तांबडं फुटत होतं. गवताच्या पात्यापात्यावर, धक्क्याच्या फळ्यांवर दव गोठून पांढरं झालं होतं. तिच्या लहानपणी हिवाळ्यात अशा आठ-दहा सकाळी तरी यायच्या. यंदाची ही पहिलीच, आणि हवामानाचा अंदाज खरा ठरला तर शेवटचीही.

"तुझं हे सोंग बघून बदकं पळाली बघ," मागून सुहासदादा म्हणाला. तिचा हा थोरला भाऊ काल संध्याकाळीच साताऱ्याहून गाडी घेऊन आला होता. कानाला मफलर, हातात चहाचा पेला.

"लांब उभा राहा, दादा. तुझा श्वास लागला की चित्र नासतं."

"श्वासाने कसं नासेल?"

"हा कॅमेरा दवाचं कूळ ओळखतो. तळ्याचं पाणी, झाडांनी सोडलेली वाफ, माणसाचा श्वास, यांतलं पाणी सारखं नसतं. कुठलं जरासं हलकं, कुठलं जड. तळ्याचं दव निळं दिसतं, झाडांचं हिरवं, माणसाचं केशरी. केशरी आलं की चित्र बाद. ही चित्रं मागवणाऱ्या पुण्याच्या संस्थेला निव्वळ थंडी जपून ठेवायचीय. आपली फुंकर नकोय."

"म्हणजे पाण्यालासुद्धा सोयरीक विचारता तुम्ही!" तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नऊला निघू म्हणतो. आईचं सामान भरलंस?"

"भरलं," केतकी म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले. तळ्यात नाव चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांचं तेरावं झालं आणि आठवड्याच्या आत आईला झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली ती गेलीच. "शब्दांची जागाच पुसली गेलीय," डॉक्टर म्हणाले होते, "आतसुद्धा आता फारसं काही उरलं नसेल." हाक मारली तरी आई वळून बघायची नाही. पहाटे मात्र न चुकता उठायची आणि काठावर पालथ्या घातलेल्या आप्पांच्या नावेला टेकून बसायची. केतकी तिला शाल गुंडाळून घरात आणायची. कधी वैतागून म्हणायची, "आई, तू इथे बसलीस की माझी चित्रं नासतात गं!" गेल्या आठवड्यात आई गुडघाभर पाण्यात उभी सापडली. तेव्हा सुहासने साताऱ्याच्या एका सेवाघरात खोली ठरवली. खोली उबदार होती आणि तिचं दार बाहेरून बंद होत होतं. केतकीही हो म्हणाली होती.

आजही तिने आईला नावेपासून उठवून घरात चुलीपाशी बसवलं होतं. धक्का टिपून झाला, गवत टिपून झालं. शेवटी तिने कॅमेरा नावेकडे वळवला. पडद्यावर नेहमीसारखं केशरी उमटलं. सवयीने बोट पुसायच्या खुणेवर गेलं, आणि थांबलं. नऊनंतर हा श्वास इथे असणार नव्हता. एकदा तरी नीट पाहावं, म्हणून तिने चित्र मोठं केलं.

नावेच्या काळ्या बुडावर दवाची जणू नाचणीची कणसं उगवली होती. बोटं मिटावीत तशी आत वळलेली, एकेक लोंबी केसाएवढी बारीक, टोकाशी फिकी, मुळाशी शेंदरी. एवढ्या वर्षांत इतकं देखणं दव तिने टिपलं नव्हतं. आणि तिन्ही हिवाळे हेच ती पुसत आली होती.

झाडाच्या खोडातल्या वळ्यांसारखं दवही थराथरानं वाढतं. कॅमेरा ते थर सुटे करून दाखवी. केतकीने थर उलगडले, एकेका श्वासाचा एकेक. एक जाड, दुसरा जाड, तिसरा जाड, मग चौथा जेमतेम अर्धा. मधे जरा मोकळं, की पुन्हा तीन जाड, एक अर्धा. अगदी वरच्या थरापर्यंत तसंच.

तिला कळायच्या आधी तिच्या मानेला कळलं. लहानपणी जात्यापाशी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपताना जशी डुले, तशी मान डुलायला लागली.

नाव गेली पाण्यावरी,
धुकं दाटलं लहरी,
कोण उभं तीरावरी,
वाट पाहे...

"दादा, आई ओव्या म्हणते!"

तो धावत आला. पडद्याकडे बघत राहिला. "दम लागत असेल गं. वय झालंय तिचं."

"दम लागलेलं माणूस दर चौथा श्वास अर्धा सोडतं? मोजून?"

सुहासने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग चहाचा पेला गवतात ठेवून दिला.

"कुठली ओवी म्हणते?"

"ते कसं कळणार? दवात श्वास राहतो, शब्द नाही राहत."

"आधीची चित्रं लाव ना. दोन-तीन ताडून बघू. काहीतरी लागेल हाती."

"पुसली मी." मुखवट्याच्या आत तिचा आवाज चिरकला. "सगळी. नासकी म्हणून."

डोंगराआडून ऊन आलं आणि नावेवर पडलं. कणसं एकेक करून पाणी झाली, ओघळली. मुखवटा ओरबाडून काढत केतकी घराकडे पळाली. आई चुलीसमोर तशीच बसली होती, नजर राखेत. केतकी तिच्या पुढ्यात बसली, तिच्या ओठांसमोर आपला तळहात धरला आणि ओवी म्हणू लागली. तीन चरण म्हटले, चौथ्याशी मुद्दाम थांबली.

आईचे ओठ हलले नाहीत. डोळे राखेतून उठले नाहीत. पण केतकीच्या तळहातावर काहीतरी उबदार लागलं. इवलंसं. अर्धंच.

"नको ना नेऊ हिला," ती म्हणाली.

सुहास उंबऱ्यातच उभा होता. गाडीची किल्ली त्याने खिशात टाकली, परत काढली.

"ठेवू. पण पुन्हा पाण्यात उतरली तर? आणि उद्यापासून तर दव गोठायचंही नाही, केते. ही गातेय, की नुसता श्वास घेतेय, हे आपण कशावरून ओळखायचं?"