पिवळं गाईड

जुन्या पुस्तकांच्या दुकानात करार कायद्याची तीन गाईडं समोर मांडून ती उभी होती. या विषयाने तिला दोनदा आपटलं होतं. दादाने बजावलं होतं, "या खेपेला नाही जमलं, तर मुकाट्याने माझ्या गोदामात येऊन बसायचं."

तिसरं गाईड उघडलं आणि तिला हसूच फुटलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं पिवळ्या पेनने रंगवलेलं!

"हे कुणी हळदीत बुडवून काढलंय?"

"मी," शेजारून आवाज आला. गाईड विकायला आलेला मुलगा कान खाजवत होता. "सगळंच महत्त्वाचं वाटत होतं."

"पास झालात?"

"याच्यावर? छे! ते पातळ घ्या. एक प्रकरण वाचायचं, गाईड मिटायचं आणि कुणाला तरी समजावून सांगायचं. मी तसाच सुटलो."

"सांगू कुणाला? आई दुसऱ्या वाक्याला पेंगते."

"मी... जागा राहीन."

तिने पातळ गाईड घेतलं. पिवळंही घेतलं. का, ते तिचं तिलाच कळलं नाही.

मग कॉलेज सुटलं की वाचनालयाच्या पायऱ्यांवर ती सांगायची आणि तो मान डोलवायचा. 'तुम्ही'चं 'तू' झालं, त्याचं नाव 'पिवळ्या' पडलं. नापास झाल्यापासून घरात तिचं बोलणं कुणी पुरतं ऐकलं नव्हतं. ऐकणारं माणूस असलं की आपलं बोलणं आपल्यालाही नीट ऐकू येतं.

परीक्षा तोंडावर आली, आणि एका संध्याकाळी ती गाईड घेऊन तरातरा आली.

"पिवळ्या, काल मी म्हणाले, समोरचा गप्प बसला की होकार धरायचा. आणि तू मान डोलवलीस!"

"डोलवली."

"चूक आहे ते! करारात गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. हेच पेपरात लिहिलं असतं, तर थेट गोदाम! ऐकत नव्हतास तू?"

तो पायरीकडे बघत राहिला. "ऐकत नव्हतो... बघत होतो."

पुढचं भांडण तिच्या तोंडातच राहिलं. कान तापले. पण गोदाम काही डोळ्यांपुढून हलेना.

"तिकडे तोंड कर."

"अं?"

"भिंतीकडे. पेपर होईपर्यंत असंच बसून ऐकायचं."

तो बसला. येणारे-जाणारे हसले, तरी बसला. आता एकही चूक त्याच्या कानातून सुटेना. "पुन्हा सांग," तो भिंतीला म्हणायचा.

पेपर देऊन ती आली, तेव्हा तो आधीच भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"कसा गेला?"

"आलं तेवढं लिहिलं. निकालाचं निकालावर." ती त्याच्या मागच्या पायरीवर टेकली. "एक विचारू? पुढच्या वर्षीही ऐकशील? आणि... त्याच्याही पुढच्या?"

तो काहीच बोलेना.

"गप्प बसलास तर मी होकार धरणार नाही हं."

"हो," तो भिंतीला म्हणाला. मग मोठ्याने, "हो!"

"मग वळ की आता."