टाकीचं पाणी

“हे पानी कुठचं हाय?”

मैनाबाईंनी आगबोटीच्या खालच्या मजल्यावर पसरलेल्या सतरंजीवरचं पितळेचं फुलपात्र उचलून उजेडाकडे धरलं. फुलपात्राच्या तळाशी बोटभर पाणी होतं आणि त्यात गंजाचा तांबूस गाळ होता. घरच्या कळशीतल्या पाण्यात असा गाळ नसतो... तो मधल्या खांबाजवळच्या लोखंडी टाकीत असतो, जिच्यातून खलाशी साऱ्या जातींच्या उतारूंना एकाच पळीनं पाणी वाढतात.

फुलपात्र दोघी सुनांच्या मधोमध होतं. धाकटी वच्छला गाठोड्याला टेकून बसली होती. दोन दिवसांच्या उलट्यांनी तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि एक हात पोटावर होता. थोरली मनकर्णा वाती वळत होती.

“मी इचारून राहिली. कोनं आनलं?”

मनकर्णेनं सगळं पाहिलं होतं. दुपारी सासूचा डोळा लागल्यावर वच्छला पदराआड फुलपात्र घेऊन उठली, तोल सावरत टाकीपाशी गेली, उभ्या उभ्या घटाघटा प्याली, आणि परत आली तेव्हा तिची हनुवटी ओली होती. मनकर्णेनं डोळे मिटून घेतले होते.

आता वच्छला खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत राहिली.

“म्या आनलं,” मनकर्णा म्हणाली.

आपला आवाज ऐकून ती स्वतःच दचकली. हे कोण बोललं?

“पेलं?”

“व्हय. पेलं.”

मैनाबाईंनी फुलपात्र खाली ठेवलं.

हा नवस त्यांचा होता. अकोल्याजवळच्या त्यांच्या काळ्या रानात या चार वर्षांत कापसानं सोनं पिकवलं होतं. कुठं दूर अमेरिकेत लढाई पेटली म्हणून विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि धाकटा मुलगा शेषराव शेती सोडून कापसाच्या सौद्यांत शिरून बघता बघता गावातला मोठा माणूस झाला होता. पण घरात पाळणा हलत नव्हता. वच्छलेची दोन बाळं पोटातच गेली. तेव्हा मैनाबाईंनी द्वारकेच्या देवाला साकडं घातलं होतं, की पुन्हा कूस उजवली तर पाचव्या महिन्यात सुनेला तुझ्या पायांशी आणीन, आणि दर्शन होईपर्यंत आम्ही कुणी आपल्या हातानं भरलेल्या पाण्याशिवाय दुसरं पाणी तोंडात घेणार नाही.

रूळ अजून अकोल्याला पोचले नव्हते. बैलगाडीनं, मग आगगाडीनं मुंबई गाठून तिथल्या विहिरीवर मैनाबाईंनी स्वतः चार कळशा भरल्या होत्या. बोटीवर एक खलाशी हातवारे करून सांगत होता की भांडी दोरीनं बांधा. त्यांना ते उमगलं नाही. पहिल्याच संध्याकाळी बोट कलली आणि दोन कळशा गडगडत जाऊन शेजाऱ्यांची अंथरुणं भिजवत रिकाम्या झाल्या. त्यात वाटेत यंत्र बिघडलं, एक दिवस बोट समुद्रात नुसती डुलत राहिली, मग निम्म्या वेगानं निघाली, आणि दोन दिवसांचा प्रवास चार दिवसांवर गेला. पाणी घोटाघोटानं वाटलं जाऊ लागलं. मनकर्णा आपल्या वाट्यातलं निम्मं वच्छलेच्या भांड्यात ओतत होती, तरी पोटुशीची तहान भागत नव्हती...

“देवाच्या दारात जाऊन राहिलो अन् तू नवसाले बट्टा लावला,” मैनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मनकर्णेला बरं वाटलं असतं. “तुले लेकरू नाई म्हनून दुसरीच्या लेकराची फिकीर नाई, असंच ना?”

ते वाक्य मनकर्णेच्या काळजात खोल उतरलं. अकराव्या वर्षी ती या घरात आली होती. तिचा नवरा खुशालराव पटकीच्या साथीत गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती, आणि चार वर्षांचा असल्यापासून तिच्या कुशीत झोपणारा शेषरावच तिचं लेकरू होता. सासू रानात राबायची आणि त्याची आंघोळ, जेवण, रुसवे, ताप सारं तिनं पाहिलं होतं.

तो त्याच वेळी वरून खाली आला. त्यानं स्वतःसाठी वरच्या वर्गाचं तिकीट काढलं होतं, कारण तिथं कापसाचे दलाल होते. पायांत बूट तसेच ठेवून तो लोकांच्या अंथरुणांवरून चालत आला. चारी बाजूंनी आरडाओरड झाली आणि तो लाजून बूट हातात घेऊन उभा राहिला.

मैनाबाईंनी त्याला सारं सांगितलं. मनकर्णा त्याच्याकडे पाहत होती. आता तो म्हणेल, आई, वैनी असं करायची नाही... नक्की म्हणेल.

शेषरावनं एकदा आईकडे, एकदा बायकोच्या पोटाकडे पाहिलं.

“वैनी,” तो खाली मान घालून म्हणाला, “आई म्हनते तसं करा. दोन रोजाचा तर सवाल हाय.”

“तिनं आपल्यात बसू नये,” मैनाबाई म्हणाल्या. “आपल्या वस्तूले हात लावू नये. ती आपल्यासंगं नाई असं मी देवाले सांगीन. तेवढ्यानं त्यानं ऐकलं तर ऐकलं.”

मनकर्णेनं आपलं गाठोडं उचललं. जाताना वच्छलेनं तिच्या पदराचं टोक क्षणभर धरलं आणि सोडलं.

मी असं का बोलले? बोटीच्या मागच्या टोकाला, दोरखंडांच्या वेटोळ्यांपाशी बसून ती स्वतःला विचारत राहिली. वच्छलेवर तिची फारशी माया होती असंही नव्हतं. ती आली आणि मनकर्णेच्या कमरेच्या कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या. ती आली आणि शेषराव ‘वैनी, भूक लागली’ म्हणायचा बंद झाला. मग कुणासाठी? त्या न जन्मलेल्या जीवासाठी? की आपण किती चांगल्या हे स्वतःलाच दाखवण्यासाठी? तिला काही उलगडेना. मन असं ढवळून निघालं होतं की दुःख कुठलं आणि राग कुठला हेही वेगळं करता येईना.

तिथं एक काठेवाडी म्हातारी एकटीच पोरबंदरला निघाली होती. तिनं न विचारता आपली चटई अर्धी गुंडाळून जागा करून दिली. तिला मराठी येत नव्हती, मनकर्णेला गुजराती कळत नव्हती, पण हातवारे आणि तोडक्यामोडक्या हिंदीत म्हातारीनं बोटीवर कसं वागायचं ते तिला शिकवलं. कुणाच्या उशाकडे पाय करून निजायचं नाही. खलाशी दोर ओढायला धावले की विचारत न बसता बाजूला व्हायचं, नाहीतर तेही पडतात आणि आपणही. चूळ टाकायची तर वारा कुठून येतो ते आधी पाहायचं... मनकर्णेची पहिली चूळ तिच्याच तोंडावर आली आणि म्हातारी इतकी हसली की मनकर्णेलाही हसू फुटलं. कुणी ओकायला धावलं की नाक मुरडायचं नाही, वाट द्यायची, कारण घटकाभरानं आपली पाळी येणार असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिल्यांदा समुद्र नीट पाहिला. तीन दिवस ती भांडी आणि गाठोडी राखत पाठमोरीच बसली होती. आता समोर नुसतं पाणी, आणि पाण्यावर ऊन... कुणी हाक मारत नव्हतं. कुणाचं पाय चेपणं नव्हतं. रात्री ती अशी गाढ झोपली होती, जशी लग्नानंतर कधी झोपली नव्हती. आणि हे सुख होतं हे लक्षात येताच ती भयानं दचकली. वाळीत टाकलेल्या बाईला सुख कसं होतं? मग आपला त्याग कसला? ती अपराध्यासारखी इकडे तिकडे पाहू लागली.

दुपारी तहानेनं जीभ टाळूला चिकटली. तिच्या वाट्याचं पाणी आता तिला कुणी देणार नव्हतं. म्हातारी टाकीपाशी निघाली आणि तिनं तिलाही खुणावलं. मनकर्णा रांगेत उभी राहिली. पुढं एक मुसलमान बाई, मागं कुणी कोळीण. मागं फिरावं असं तिला दोनदा वाटलं. खलाश्यानं पळी कलती केली आणि तिनं ओंजळ पुढं केली.

पाणी लोखंडासारखं लागत होतं, कोमट होतं, आणि ते इतकं गोड वाटलं की तिचे डोळे भरून आले. आता मात्र काल बोललेलं खोटं खरं झालं होतं.

त्याच संध्याकाळी पोरबंदरला म्हातारी उतरली. जाताना तिनं मनकर्णेच्या गालावरून हात फिरवला. दुसऱ्या सकाळी द्वारकेचं शिखर दिसलं. बोट किनाऱ्यापासून दूर थांबली आणि उतारूंना न्यायला मचवे आले. उतारू कठड्यापाशी गोळा झाले, तेव्हा मैनाबाई दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलल्या.

“तू घाटावरच बस. देवळात येऊ नोको.”

“बरं आत्याबाई.”

“नाई,” वच्छला म्हणाली.

तिचा आवाज एवढा बारीक होता की आधी कुणाला कळलंच नाही. मग ती कठडा धरून रडत खाली बसली. “आत्याबाई, थोरल्या बाईनं नाई पेलं. म्या पेलं होतं. माह्या घशाले कोरड पडली होती... त्याईनं माह्यासाठी अंगावर घेतलं अन् मी मुकी झाली. दोन रोज मले झोप नाई. देवापुढं मी हे तोंड कसं दाखवू?”

शेषरावच्या हातातली पेटी खाली टेकली. मैनाबाईंनी धाकट्या सुनेकडे पाहिलं आणि त्या सावकाश मनकर्णेकडे वळल्या.

“मनकर्णे... तू पेलं नोतं?”

मनकर्णेला नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. एका शब्दात ती पुन्हा शुद्ध होणार होती, देवळात जाणार होती, घरात मानानं वावरणार होती. तिचं अंतःकरण त्या शब्दाकडे धावलंही... पण त्या टाकीच्या पाण्याला नाही म्हणणं तिला जमेना.

“त्या रोजी नोतं पेलं, आत्याबाई,” ती म्हणाली. “मंग पेलं. काल. पोटभर पेलं.”

मैनाबाईंच्या चेहऱ्यावर काय आलं, राग की शरम, ते मनकर्णेला कळलं नाही. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. खालून नावाडी ओरडत होते, की आधी कुणीतरी चपळ उतरा म्हणजे पोटुशीला खालून धरता येईल. मनकर्णा शिडीवरून सरसर उतरली.

तिच्यामागून मैनाबाई उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर थबकल्या. मचवा हातभर वर येई आणि पुन्हा खाली जाई. नावाड्यानं हात पुढं केला. परक्या पुरुषाचा हात त्यांना नको होता. मनकर्णा मचव्यात उभी होती. तिचे हात पुढं गेले आणि मधेच अडले. शिवलं तर दर्शनाच्या आधी विटाळ, नाही शिवलं तर सासू पाण्यात... तिला काही सुचेना.

“धर मले,” मैनाबाई म्हणाल्या.

“आत्याबाई, मी कशी...”

“धर म्हनलं नं माय.”

लाट वर आली आणि सासूचा सगळा भार तिच्या छातीवर आला. किती हलकी झाली होती म्हातारी! आयुष्यभर जिच्या पावलांच्या आवाजानं ती दचकत आली, त्या बाईचं वजन एवढंसंच होतं. मैनाबाईंनी फळीवर बसल्यावरही तिचं मनगट सोडलं नाही.

“नवस माहा होता,” त्या समुद्राकडे पाहत म्हणाल्या. “तुटला त माह्या हातानं तुटला. पोटुशीले पान्यासाठी तरसवलं, ते म्या. देवाले काय सांगाचं ते मी पाहीन. तू संगं चाल.” मग जड जिभेनं, “त्या रोजी जे बोलली... लेकराचं... ते तू धरू नोको.”

मनकर्णेनं हात सोडवून वच्छलेला कडेवर घ्यावं तसं उतरवून घेतलं आणि ती दोघींच्या मधे बसली. शेवटी शेषराव आला. तो मचव्यात उभाच राहिला, त्याचे डोळे तांबडे झाले होते.

“वैनी, मले...”

“खाली बसा भाऊजी,” ती म्हणाली, “अशात उभं राहू नाई. सगळ्याईले घेऊन पालथे व्हाल.”

तो लहान पोरासारखा चटकन तिच्या पायांशी बसला आणि त्यानं डोकं तिच्या गुडघ्याला टेकवलं. तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला. एका बाजूला वच्छला हुंदके देत होती, दुसऱ्या बाजूला सासूची बोटं पुन्हा मनगटात रुतली होती; तिची माणसं तिला परत मिळाली होती. तिच्या गालांवरून आसवं ओघळू लागली. ती आनंदाची असावीत असं सारेच धरून चालले, आणि तीही तसंच धरून चालली. मचवा किनाऱ्याकडे वळला, तेव्हा तिनं एकदा मान फिरवून बोटीच्या मागच्या टोकाकडे पाहिलं. तिथं आता दुसऱ्याच कुणाची तरी वळकटी पसरली जात होती.