बकुळाची बारी

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटली की ज्योतीराम सरळ दिघीला घरी जायचा. त्या शुक्रवारी मात्र त्यानं चाकणच्या चौकातून गाडी उलट्या अंगाला वळवली. काम साधंच होतं. पुढच्या रविवारच्या शर्यतीची पत्रिका गाड्याचे मालक ज्ञानदेवतात्यांच्या हातात ठेवायची, कपभर चहा घ्यायचा आणि परत फिरायचं.

कंपनीत ज्योतीराम स्टोअरला होता. अठरा वर्षं नटबोल्टांचे ट्रे मांडणाऱ्या या माणसाकडे तिथं कोणी मान वर करून बघत नसे. पण रविवारी बैलगाड्याच्या घाटात माइक हातात आला की दहा हजार माणसं त्याच्या आवाजावर डोलायची. घाट म्हणजे चढणीची लांब धावपट्टी. खालून चार बैलांचा गाडा सुटतो, त्याच्या पुढे घोडी धावते आणि बैल जिवाच्या आकांतानं तिच्या मागे लागतात. गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. बारी बारा-तेरा सेकंदांत संपते, पण त्या सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलांना लेकरासारखं सांभाळतात.

तात्यांच्या गाड्यापुढं बकुळा पळायची. बारीक चणीची, तपकिरी घोडी. तिच्यावर गणराज नावाचा गडी बसायचा, पण खरं तर तिला स्वार लागतच नसे. लोक गाडा बघायला येत आणि घोडी बघून जात. भोसरीत, मोशीत पोरांच्या गाड्यांच्या मागच्या काचेवर तिचं चित्र होतं.

गेल्या माघात ती अर्ध्या घाटात पडली.

ज्योतीराम घाटाच्या वरच्या टोकाला, पुकारणाऱ्यासाठी बांधलेल्या माळ्यावर उभा होता. गणराज फेकला जाऊन कठड्याला आदळला, मागून बैल येत होते, आणि ज्योतीराम सवयीनं ओरडला, "ऊठ बकुळे!" ती उठली. "पळ बकुळे!" ती पळाली. "पळ, पळ!" ती अजून जोरात पळाली. घाट नुसता पेटला. बैलांच्या पुढं राहून तिनं बारी पुरी केली, भंडारा उधळला गेला, टोप्या आभाळात गेल्या. वरच्या टोकाला ती गुडघ्यावर बसली, तेव्हा लोकांना दिसलं की तिचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली नुसता कातडीला लोंबतोय.

ज्योतीरामला ते आधीच दिसलं होतं. पहिल्या हाकेला नव्हतं दिसलं. दुसऱ्या हाकेला दिसलं होतं. आणि त्यानं तिसरी हाक मारली होती. हे त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

त्यानंतरचे दोन तास तर त्याला आठवूही नयेत असे. पशुवैद्य साधना मॅडम इंजेक्शन भरून उभ्या होत्या आणि पोरांनी घोडीभोवती कडं केलं होतं. कोणी ढसाढसा रडत होतं, कोणी गणराजला शिव्या घालत होतं, कोणी मोबाइल उंच धरून उभं होतं. "मॅडम, काय बी करा, पण मारायचं न्हाई," एवढंच सगळे म्हणत होते. मॅडम परत परत सांगत होत्या, "अरे, हा पाय जुळत नसतो. तुम्ही तिच्यावर माया करताय की तिचे हाल करताय?" शेवटी तात्याच कडं फोडून आत गेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून बकुळाच्या डोळ्यावर ठेवली आणि मॅडमकडे बघून होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर बकुळा होती. दोन दिवसांत चौकाचौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले. आणि ती चित्रफीत... तीन पायांवर धावणारी घोडी आणि तिच्यामागे ज्योतीरामचा आवाज. लाखो लोकांनी ती पाहिली. कंपनीतल्या एका पोरानं तर तो आवाज रिंगटोन म्हणून ठेवला होता. तो वाजला की ज्योतीराम हातातला ट्रे खाली ठेवून बाहेर निघून जायचा.

आता वर्ष झालं होतं. बकुळाच्या चाहत्यांनी तिच्या नावानं शर्यत ठेवली होती. तात्यांचेच बैल शेवटच्या बारीला पळणार, आणि ज्योतीरामनं तीच हाक मारायची, असा विक्कीचा बेत होता. विक्की हा त्या पोरांचा म्होरक्या. बकुळाचं नाव त्यानं हातावर गोंदवून घेतलं होतं.

ज्योतीराम पोचला तेव्हा तात्यांच्या गोठ्यात पेंडीचा आंबूस वास होता आणि पलीकडच्या कारखान्याच्या रंगाचा उग्र दर्प वाऱ्यावर येत होता. तात्यांनी पत्रिका वाचली नाही. नुसती बाजेवरच्या उशाखाली सारली.

"बैल आनतो मी," ते म्हणाले. "पोरांनी लई लावून धरलंय, मोडवत न्हाई. पन जोतिराम, तिचं नाव नगा घिऊ."

"का हो तात्या?"

तात्या उठून बैलांना पेंड घालू लागले. चहा घेऊन आलेल्या भिमाबाई, त्यांच्या मंडळी, दारातच थांबल्या.

"ती पोरं येत्यात न्हवं रविवारी, तिच्या जाग्याला हार घालाया," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या मोबाइलमदी तुमची हाक लावत्यात. हाक झाली की बैल उठून हुबे ऱ्हात्यात. समदे येकाच बाजूला बघत्यात... तिच्या खुंट्याकडं."

"जनावरांना सवय असते, काकू. आवाज ओळखतात."

"व्हय. आमी बी तसंच म्हनलो हुतो." भिमाबाईंनी कप खाली ठेवला. "पन मग मला ऐकू याया लागलं. तिकडून, वाटंनं. तीन टापा... मग थोडी उसंत... परत तीन टापा. जोतिरामभाऊ, चार न्हाईत. तुमी हाक मारली की तिला त्या मोडक्या पायानं यावं लागतं."

ज्योतीरामला हसू आलं नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. चहा तसाच ठेवून तो निघाला. चाकणपर्यंत रस्त्याला कंटेनरांची रांग लागली होती. त्या गोंगाटात त्याच्या कानात एकच गोष्ट घुमत होती, ती तिसरी हाक.

रविवारी दुपारी साडेचारला शेवटची बारी पुकारायची वेळ आली. ऊन अजून टळटळीत होतं. माणसांनी दोन्ही कडा काळ्या झाल्या होत्या. तात्यांचे चार बैल खाली जुंपले होते. पुढं घोडी नव्हती. वर्षभरात दोन घोड्या लावून पाहिल्या, पण हे बैल त्यांच्या मागं एक पाऊल टाकीनात. म्हणून विक्कीचा सगळा भरवसा त्या हाकेवर होता.

विक्की माळ्यावर चढून आला. डोळे आधीच भरून आले होते त्याचे.

"काका, द्या हाक."

"नाही विक्की. बैलांचं नाव घेईन, तात्यांचं घेईन. तिचं नाही."

"अहो, माणसं तेवढ्यासाठी आलीत!"

"म्हणूनच नाही."

विक्कीनं माळ्याच्या कठड्यावर उभं राहून दोन्ही हात वर केले आणि स्वतःच गळा काढला, "बकुळाऽऽ!"

आधी वीस-पंचवीस पोरांनी साथ दिली. मग एक कडा, मग दुसरी. बघता बघता दहा हजार माणसं एका सुरात तिला बोलावू लागली. त्यात काही दुष्टावा नव्हता. म्हातारे रडत होते, बाया पदरानं डोळे पुसत होत्या. एवढं प्रेम ज्योतीरामनं कुठल्या माणसाच्या वाट्याला आलेलं पाहिलं नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला तो त्या प्रेमाचाच.

खाली बैलांनी एकदम माना वर केल्या. निशाण पडायच्या आतच गाडा सुटला.

माळ्याशेजारी वरच्या टोकाला सुजित नावाचा पोरगा घड्याळ घेऊन बसला होता. खालून गाडा सुटला की घड्याळ आपोआप चालू होतं, आणि वरच्या टोकाच्या दोन खांबांमधून जनावर गेलं की आपोआप थांबतं. त्यानं आकडे पळताना पाहिले आणि ओरडला, "सुटली बारी!"

बैल वेगात येत होते. त्यांच्या वीस हात पुढं, जिथं काहीच नव्हतं, तिथं माती उडत होती. तीनदा उडायची... मग खंड... पुन्हा तीनदा. वारा असेल, ज्योतीराम स्वतःला म्हणाला. पण माळ्यावरचं फडकं हलत नव्हतं.

आणि मग कर्ण्यांतून श्वास ऐकू आला. घशात अडकणारा, ओला, घरघरता श्वास. माइक आपल्याच हातात आहे, म्हणजे आपणच धापा टाकतोय, असं वाटून ज्योतीरामनं दम रोखून धरला.

श्वास चालूच राहिला.

लोकांना तो ऐकू येत होता की नाही कोण जाणे. ते तिचं नाव घेत होते, आणि दर हाकेला पुढची माती अधिक जोरानं उडत होती. अर्धा घाट आला. ज्योतीरामनं माइक दोन्ही हातांनी तोंडाशी धरला. वर्षभर छातीत अडकून पडलेलं ते एकदाचं बाहेर आलं.

"थांब बाई... झालं. नको पळूस. माझं चुकलं, बकुळे. थांब!"

चारही बैल जागच्या जागी थांबले. घाटात सुटलेले बैल अर्ध्यात थांबल्याचं जुन्याजाणत्यांनीही पाहिलं नव्हतं. गाडा कर्रकन वाजून आडवा झाला. धूळ खाली बसली. आणि मग आरडाओरडा उठला. "बारी घालवली! खाली उतरवा त्याला!" कोणीतरी चप्पल फेकली, ती त्याच्या खांद्याला लागली. विक्की त्याची गचांडी धरून हुंदके देत होता, "काका, ती येत होती हो! तुम्ही तिला का थांबवलंत?"

गर्दीतून तात्या वर आले. विक्कीचे हात त्यांनी हळूच सोडवले. ज्योतीरामच्या पाठीवर थोडा वेळ हात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंस. कुनीतरी म्हनायला पायजे हुतं." मग ते बैल सोडायला खाली गेले. बैल शांत उभे होते. त्यांच्या अंगावर घाम होता, पण डोळे निवले होते.

ज्योतीरामनं माइक बंद करून टेबलावर ठेवला. पुन्हा तो हातात घ्यायचा नाही, हे त्याचं तिथंच ठरलं, आणि पुढं त्यानं ते पाळलंही. छाती हलकी झाली होती. पायऱ्या उतरून तो सुजितजवळून निघाला, तर सुजितनं त्याची बाही धरली. पोरगा पांढराफटक पडला होता.

"काका, गाडा वर आलाच नाही ना?"

"नाही. तू बघितलंस की."

"मी पण तेच म्हटलं. घड्याळ चालूच राहिलं होतं. म्हटलं, बारी बाद झाली, आता बंद करू. बटणावर बोट ठेवलं होतं मी... तेवढ्यात ते आपोआप थांबलं."

त्यानं घड्याळ ज्योतीरामकडे वळवलं. तांबड्या आकड्यांत वेळ गोठली होती. एक मिनिट बेचाळीस सेकंद.

बैल थांबले होते. ती थांबली नव्हती. एवढा वेळ ती उरलेला चढ एकटीच चढत होती, चालत, फरफटत, ज्योतीरामची माफी ऐकून न ऐकल्यासारखी. दोन खांबांच्या पलीकडची शेतं उन्हात मोकळी पडली होती. खाली घाटात पोरांनी पुन्हा एका सुरात तिचं नाव घ्यायला सुरुवात केली होती.

आणि सुजितच्या हातातल्या घड्याळाचे आकडे, बटण कोणी न दाबता, शून्यावर येऊन परत पळू लागले.