मार्लिस मास्तरांच्या कोटावर बसते

दक्षिणेहून आलेल्या कॅल्डरमास्तरांना विचारायची सवयच नव्हती. शाळेतल्या पोरांना रानातली जनावरं दाखवायची म्हणून सहल आणली, ठीक आहे. पण शिकारीची ही छावणी माझी, आणि पलीकडच्या काठावर कॅरिबू हरणांची वाट जिथे झुडपांतून नदीत उतरते, नेमक्या तिथेच त्यांनी खुंट्या ठोकून नारिंगी फिती बांधल्या. मला एका शब्दानं विचारलं नाही.

कळप येणार तो त्याच वाटेनं. तंबूत आमचे म्हातारे, इलायस, पडून होते. डोळे गेलेले. शनिवारी विमान त्यांना शहराच्या इस्पितळात नेणार होतं. परत येतील की नाही, कुणी बोलत नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. कॅरिबू चालतो तेव्हा त्याच्या पायातल्या शिरा टकटक वाजतात, तेवढं एकदा ऐकायचं.

"आले का गं?" ते आमच्या नातीला, मार्लिसला, विचारायचे.

"निघालेत आजोबा. सामान बांधतायत."

शुक्रवारी सकाळी मार्लिस आणि तिचा मामेभाऊ डेन्झिल काठावर पालथे पडून बघत होते. पलीकडे एक म्हातारी मादी झुडपांतून बाहेर आली, थबकली आणि माघारी वळली. मागची दोन हरणं तिच्यामागून गेली.

"लांडगा असेल," डेन्झिल म्हणाला.

"लांडगा असता तर पळाली असती. ही रुसल्यासारखी गेली."

"मग तुझं तोंड दिसलं असेल."

मार्लिसनं त्याच्या टोपीत ओली रेती भरली आणि तशीच मास्तरांकडे गेली. "सर, त्या फिती काढू या?"

"अजिबात नाही. त्यांच्यावरून मला अंतरं मोजायची आहेत. एवढा मोठा प्राणी चिंध्यांना घाबरेल होय?"

"तुम्हीच शिकवलंत ना, अंदाज करू नका, तपासा म्हणून? मग तपासू. तुम्ही मादी व्हा."

पोरं खिदळली. मास्तरांना नाही म्हणता येईना. त्यांचा विचार बदलायच्या आत मी होडी पाण्यात ढकलली.

पलीकडे मार्लिसनं त्यांना झुडपांतून चक्क रांगत यायला लावलं.

"मान खाली, सर," डेन्झिल म्हणाला. "तुम्हाला शिंगं आहेत. यांच्यात माद्यांनाही असतात."

मास्तर झुडपांतून बाहेर येतात तोच वारा सुटला. फिती फडफडल्या, एक सटकन गालावर बसली, आणि मास्तर दचकून मागे कोलमडले. तिथेच चिखलात बसून राहिले.

"मीसुद्धा वळलो असतो," ते हळूच म्हणाले. मग स्वतःच्या हातानं एकेक खुंटी उपटली.

दुपारी वारा आमच्या बाजूला वळला, आमचा वास पलीकडे जाईना. आमच्यात पुढच्या हरणांना जाऊ देतात. ती पार होईपर्यंत कुणी उठत नाही, बोलत नाही, बंदुकीला हात लावत नाही. ती निर्धास्त गेली की मागचा कळप येतो. सगळ्या पोरांना मी हे बजावलं होतं, मास्तरांनाही.

मादी परत आली. बघत उभी राहिली. आणि मास्तरांनी कॅमेरा काढला, उठू लागले. मार्लिस गुपचूप सरकली आणि त्यांच्या कोटाच्या टोकावर बसली. मास्तर अर्धे उठले आणि धपकन खाली आले. त्यांनी वळून पाहिलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला.

मादी पाण्यात उतरली. पोहत आली, अंग झटकलं, आमच्या तंबूच्या बाजूनं वर चढली. तिच्यामागे नदी शिंगांनी भरून गेली.

मार्लिस रांगतच तंबूत शिरली. चारी बाजूंनी टकटक चालली होती. इलायसनी तिचा हात घट्ट धरला.

"पुढं गेली ती म्हातारी होती ना?" ते म्हणाले. "एका पायानं लंगडत होती."

"हो आजोबा."

"माझ्यासारखीच. तरी आली बघ."

संध्याकाळी रस्सा शिजत असताना मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "आजी, माझं चुकलं."

"चुकलंच," मी म्हणाले. "आणि लहानसहान नाही. माझ्या माणसाचा शेवटचा आनंद तू चिंध्यांपायी घालवत होतास. पण पोरीनं सांगितलं तर चिखलात रांगलास, आणि कळल्यावर लाजला नाहीस. एवढं करणारा मास्तर मी आजवर पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी पोरांना घेऊन ये."